पदेर आणि काटा यांच्यामध्ये

"तीन तुकडे, मामा. चौथा नको."

सेजलने खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि सगुणच्या कागदावर वाकून पाहिलं. कागदावर सगुणच्या अक्षरात एकच लांबलचक वाक्य होतं. पदेर म्हणजे जिथे आधी पदेराची, पाववाल्या मिंगेलची, भट्टी होती आणि आता मोबाइलवाला बसतो तो थांबा.

"हें मोडूंक जाय?"

"जाय."

"बशीत हांव एका स्वासांत सांगतां तें."

"संगणकाला श्वास कळत नाही, मामा. कोण, काय नातं, कुणाशी. इतकंच कळतं."

सगुणने पेनाचं टोपण दातांत धरलं आणि वाक्य मोडलं.

पदेर — आहे — बसथांबा.
पदेर — नाव कशावरून — मिंगेलची भट्टी.
मिंगेलची भट्टी — बंद — १९९४.

"बघा, जमलं," सेजल म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे गेली.

डिचोलीतल्या एका वाचनालयाची माडी. रविवारी दहा ते बारा. पाचसात माणसं, दोन लॅपटॉप, थर्मासात चहा. वर्ग सिमँटिक वेबचा. म्हणजे काय, हे सगुणला कुणी विचारलं असतं तर त्याने एवढंच सांगितलं असतं की वेबवरची माहिती माणूस वाचतो पण यंत्राला तिचा अर्थ लागत नाही, तो लागावा म्हणून गोष्टींची नाती तीन तीन तुकड्यांत लिहायची आणि एकीचा धागा दुसरीला बांधायचा. यापलीकडचं त्याला कळत नव्हतं. कळून घ्यायचं त्राणही नव्हतं. एकतीस वर्षं तो डिचोली-लाटंबार्से-दोडामार्ग रस्त्यावर एका खासगी बसचा कंडक्टर होता आणि महिनाअखेर सुटणार होता. सेजल कॉलेजात होती तेव्हा पाच वर्षं त्याच्याच बसने गेली. आता पणजीला नोकरी करते आणि रविवारी हा वर्ग घेते. तिनेच त्याला ओढून आणलं. थांब्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत, ती तुमच्या तोंडात आहेत, म्हणाली.

पहिल्या रविवारी सगुण भिंतीला टेकून झोपला. त्याला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या रविवारी निवृत्त शिक्षक कृष्णनाथ सर भाषेवर घसरले. यादीत 'थांबो' लिहायचं की 'थांबा', हे आधी ठरू द्या, त्याशिवाय मी एक अक्षर भरणार नाही. सेजलने सांगितलं की एका गोष्टीला कोंकणी नाव वेगळं देता येतं, मराठी वेगळं, इंग्रजीही वेगळं, आणि गोष्ट एकच राहते.

"तिन्ही?" सरांनी विचारलं.

"तिन्ही."

चाळीस वर्षं ज्या वादावर सरांनी सभा मोडल्या, तो अर्ध्या मिनिटात मिटला. सरांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

*

यादी — जाणार — वाहतूक कचेरीत.
वाहतूक कचेरी — भरणार — तिकीटयंत्रात.
तिकीटयंत्र — येणार — एक तारखेला.

हे तिसऱ्या रविवारी कळलं. सगुणची खासगी बसही सरकारच्या नव्या तिकीटयंत्राच्या योजनेत जाणार होती. नवा कंडक्टर येईल, त्याच्या गळ्यात यंत्र असेल, आणि यंत्रात थांबे असतील ते याच यादीतले. शेवटची तारीख पुढचा रविवार.

सगुण ताठ बसला. त्या माडीवर तो पहिल्यांदाच पुरता जागा दिसला.

"आनी यादींत नाशिल्लो थांबो?"

"यंत्रावर दिसणार नाही."

"दिसना जाल्यार?"

"तिकीट निघणार नाही. आणि तिकीट नाही तिथे नव्या कंडक्टरला बस थांबवता येणार नाही."

"पूण तुवेंच सांगिल्लें मगो पयल्या दिसा. नोंद ना म्हूण गोश्ट ना, अशें न्हय."

झोपेत असूनही त्याने ते ऐकलं होतं याचं सेजलला नवल वाटलं असावं. ती जरा ओशाळली.

"तो आपल्या वर्गाचा नियम, मामा. यंत्राचा नियम उलटा आहे."

सगुणने आपला कागद पुढे ओढला. चाळीस थांबे लिहून झाले होते. डॉक्टरच्या जुन्या दवाखान्याचा दोतोर, जांभूळ, शाळा, पदेर, काटा, सगळे. प्रत्येकाखाली नाव खरं असल्याचं सांगणाऱ्या दोघांच्या सह्या होत्या. एक राहिला होता.

रुक्मिणी — उतरते — ?
रुक्मिणी — उतरते — चढणीच्या मध्यावर.
चढणीचा मध्य — आहे —

इथे पेन थांबलं.

पदेर सोडल्यावर चढण लागते. ती संपते तिथे काटा, म्हणजे खाणीच्या ट्रकांचा जुना वजनकाटा. मध्यावर डाव्या हाताला एक पायवाट खाली उतरते. तिथे शेड नाही, झाड नाही, दुकान नाही. पायवाटेच्या तळाशी रुक्मिणीचं घर आहे. ती सोमवार, बुधवार, शुक्रवार डिचोलीच्या इस्पितळात रक्त धुवून घ्यायला जाते. मुलगा मुरगावला बंदरात कामाला, तो रविवारी येतो. तीन वर्षांपूर्वी एकदा अडीचच्या बसने परतताना ती पदेरला उतरली आणि चढण चढता चढता रस्त्याच्या कडेला बसली. सगुणने मागच्या काचेतून ते पाहिलं. पुढच्या खेपेला त्याने चढणीवरच पत्र्यावर थाप मारली. ड्रायव्हर सखाराम दोडामार्गचा, तोंडाचा फटकळ. "चढणीर गाडी थांबवतंस? डोक्यार पडलंस काय रे सगुणा?" असं ओरडला खरा, पण थांबला. तेव्हापासून थांबतोच.

त्या जागेचं नाव सगुणने कधी पुकारलं नव्हतं. नव्हतंच.

"नाव नसलेली गोष्टही जाळ्यात असू शकते," सेजल म्हणाली. "तिला मी रिकामी गाठ म्हणते. पदेर आणि काटा यांच्यामध्ये काहीतरी आहे, एवढं लिहिलं तरी आपल्याला चालेल. यंत्राला नाही. त्याला नाव लागतं."

"चडण म्हूण घाल," सर म्हणाले.

"त्या रस्त्यावर चढण नावाचे दोन थांबे आधीच आहेत, सर."

"मग रुक्मिणी घाल. देंवता ती, नांव तिचें."

उतरते तिचंच नाव, हे सगळ्यांना पटलं. सेजलने बजावलं की ज्याचं नाव द्यायचं त्याला विचारायचं, आणि त्याची स्वतःची सही सांगणारा म्हणून धरायची नाही. दुसरे दोघे हवेत. मग सगुण आणि सखाराम झाले दोघे, असा हिशेब ठरला.

*

शुक्रवार. अडीचची बस.

खाणी बंद पडल्यापासून या वेळेला बस अर्धी रिकामीच असते. रुक्मिणी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. मांडीवर पिशवी, कोपराच्या आतल्या बाजूला कापूस आणि पट्टी. सगुण तिच्या शेजारी येऊन बसला. बस चालू असताना तो कधी बसत नसे, पण अलीकडे बसायचा.

"रुक्मिणीवयनी, एक विचारूंक जाय आशिल्लें."

"विचार. पूण दुखण्याची खबर विचारूं नाका. सगळीं तीच विचारतात."

त्याने यादी सांगितली, यंत्र सांगितलं, तारीख सांगितली. पुढच्या महिन्यापासून नाव नसेल तर बस चढणीवर थांबणार नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती.

"मगे? कसलें नांव घालतात?"

"तुमचें. रुक्मिणी."

तिने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. बाहेर पाहिलं.

"ह्या रस्त्यार कसलीं कसलीं नांवां आसात तीं म्हण पळोवया."

सगुणने सवयीने एका सुरात म्हटली. "दोतोर, जांभूळ, शाळा, पदेर, काटो."

"दोतोर आसा?"

"ना. केन्नाच गेलो तो."

"जांभूळ?"

"रस्तो रुंद केलो तेन्ना कापली."

"शाळा?"

"भुरगीं नात म्हूण बंद पडली."

"काटो?"

"गंजून गेलो."

"पळय. सगळीं गेल्ल्यांचींच नांवां. आनी तांचे रांकेक म्हजें? आठवड्याक तीन खेपो सुयो तोपून घेतां, तें कित्याक? थांबो जावंक?"

पुढून सखाराम हसला. "बरोबर बोलली म्हातारी."

"म्हातारी तुजी आवय."

"ती तर आसाच," सखाराम म्हणाला आणि गिअर बदलला.

एकतीस वर्षं, दिवसाला सहा खेपा, सगुण ही नावं ओरडत आला होता. गळा बसला की मीठ-पाण्याच्या गुळण्या करून ओरडला. जांभूळ म्हणताना जांभूळ कधी आठवली नव्हती, दोतोर म्हणताना दोतोर आठवला नव्हता. नाव म्हणजे ब्रेक कुठे लावायचा ते.

"नांव घालूंक ना जाल्यार गाडी रावची ना, वयनी," तो हळू म्हणाला.

"तें समजलें माका."

"पदेराकडल्यान चडण चडपाची."

"तेंय समजलें." तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "तूं फुडल्या म्हयन्यांत आसतलो बशीर?"

"ना. ढोंपरां गेलीं. आवाजूय गेलो."

"मगे तुजेंच घाल."

आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशी ती म्हणाली.

"हांव मरूंक ना, वयनी."

"मिंगेलूय खंय मेला? म्हापशां सुनेगेर रावता. परवां इस्पितळांत मेळिल्लो, चड जाडो जाला."

पदेर मागे पडलं. सगुणने उठून पत्र्यावर थाप मारली, बस चढणीवर थांबली. त्याने कागद पुढे केला. त्याचं स्वतःचं नाव लागणार म्हणजे त्याची सही बाद, आता सांगणारे रुक्मिणी आणि सखाराम. तिचा उजवा हात सुयांचा, म्हणून डाव्याने पेन धरून तिने एकेक अक्षर काढलं. मागून एकाने घाई करायला सांगितलं. सखारामने हँडब्रेक ओढून धरला होता, त्याने आरशातून त्या माणसाकडे नुसतं पाहिलं. मग कागद स्टिअरिंगवर ठेवून आपली सही ठोकली.

"तुजो थांबो चढणीर," तो सगुणला म्हणाला. "मेल्यार पण क्लच खातलंस माजो."

*

सेजलने रविवारी टंकताना एक अडचण काढली. सगुण माणूस आणि सगुण थांबा यांना जाळ्यात वेगवेगळे पत्ते द्यायला हवेत. नाहीतर यंत्र दोघांना एकच धरेल, आणि थांब्याला जन्मतारीख लागेल, माणसाला पुढचा-मागचा थांबा.

"घाल वेगळे," सगुण म्हणाला.

सगुण (थांबा) — मागचा — पदेर.
सगुण (थांबा) — पुढचा — काटा.
सगुण (थांबा) — नाव कशावरून — सगुण (माणूस).
सगुण (माणूस) — होता — कंडक्टर.

"होता?" कृष्णनाथ सरांनी चष्मा वर करून विचारलं. "आजून चार दीस आसात ताचे."

सेजलची बोटं थांबली. "खरंच की. मामा, आहे करते."

"नाका. चार दिसांनी परत कोण बदलीत बसतलो?" सगुण म्हणाला. "होता बरें आसा."

तिने तसंच ठेवलं. चहा झाला. जाताना सरांनी सगुणच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

*

नव्या महिन्यातला पहिला बुधवार.

घरी सांगितलं की डिचोलीला काम आहे. काम नव्हतं. अडीचच्या बसमध्ये सगुण मागून दुसऱ्या सीटवर, खिडकीशी बसला. तो तिथे याआधी कधीच बसला नव्हता, तिथून पुढचा रस्ता दिसत नाही. रुक्मिणी पुढे आपल्या जागेवर होती, मान काचेला टेकलेली. सखारामने आरशातून एकदा पाहिलं.

नवा कंडक्टर पंचविशीचा, निळ्या शर्टात, गळ्यात यंत्र. नीटस मुलगा. सुटे पैसे आधीच बोटांत धरून होता.

"खंय, बाब?"

सगुणने तोंड उघडलं. या रस्त्यावर एकेचाळीस नावं होती. त्यातलं त्याला हवं ते एकच होतं, आणि ते स्वतःच्या तोंडाने मागायचं होतं.

"काटो," तो म्हणाला.

यंत्राने घरघर करून तिकीट सोडलं. सगुणने ते हातात धरून ठेवलं.

पदेर गेलं. चढण लागली. इंजिनाचा आवाज जड झाला. सगुणचे पाय आपोआप जमिनीला रेटले गेले. मुलाने यंत्रावर पाहिलं आणि पुकारलं, "सगुण. सगुणाक कोण देंवता?"

जांभूळ म्हणावं तसं म्हणाला तो. बस थांबली.

रुक्मिणी दांडा धरून उठली. पिशवी घ्यायला सगुण अर्धवट उभा राहिला, पण मुलाने ती आधीच उचलली होती. त्याने खाली उतरून पिशवी गवतावर ठेवली, तिला हात दिला. ती उतरली. पिशवी घेतली आणि मागे न बघता आडवी आडवी, एकेक पाऊल टाकत पायवाटेला लागली. तिची मान दिसेनाशी होईपर्यंत बस उभी होती. सखारामने थांबवून धरली असेल, किंवा मुलगा चढायचा असेल.

"सगुणाक आनीक कोण आसा?"

सगुण परत खाली बसला.

काट्याला तो एकटाच उतरला. पायरीवर मुलाने त्याच्या दंडाला धरलं.

"सावकाश, बाब. हांगां कोणागेर, कोणाच्या घरा?"

"कोणागेर ना," सगुण म्हणाला.

बस वळणाआड गेली. परतीची सव्वाचारला होती.