भट्टीचा राग उतरल्यावर

"पाव निघाल्याशिवाय भट्टीजवळ जायचं नाही, कुंदा. तेव्हा ती रागात असते. राग उतरला की मग आपली ताटं आत द्यायची. आणि कुणी कितीही घाई केली तरी तिथून हलायचं नाही."

पंचेचाळीस वर्षांपूर्वी बोरिवलीतल्या एका बेकरीच्या मागच्या दारी थोरल्या नणंदेने, इरावतीवन्संनी, नव्या नवरीला हे सांगितलं होतं. दिवाळीच्या आठवड्यात तेव्हा घरोघरच्या बायका तूप-साखर फेसून, मैदा मळून, पिठाचे डबे घेऊन तिथे जात. गोळे तिथेच ताटांत मांडायचे आणि बेकरीवाल्याने नानकटाई भाजून द्यायची. ताटांची अदलाबदल होऊ नये म्हणून ज्याची त्याची खूण असे. ह्यांच्या घराची खूण म्हणजे प्रत्येकीवर दोन चारोळ्या, शेजारीशेजारी. "एक चुकून पडते," वन्सं म्हणत, "दोन कुणी चुकून लावत नाही."

ती बेकरी जाऊन तिथे आता चोवीस मजले उभे आहेत. वन्संनी जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आता त्या मुलुंडला भाच्याकडे असतात. श्रावणात बाथरूममध्ये पडल्या आणि खाटेला खिळल्या. हाड जुळलं, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या, पोटात अन्न जाऊ दे. पण त्या काही मागतच नव्हत्या. भाद्रपदात एकदा कुंदाताई उशाशी बसल्या असताना त्या आपणहून म्हणाल्या, "आपली नानकटाई खावीशी वाटते गं. आपल्या पिठाची. भट्टीतली."

"दिवाळीला आणते, वन्सं," कुंदाताई त्यांचा हात धरून म्हणाल्या. कुंदाताईंचा शब्द म्हणजे नेमासारखा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, रोजची पोथी. त्यातलं एकही त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

सून दीप्तीने आधी घरच्या ओव्हनमध्ये करून पाहिली. रंग सुरेख आला, पण दाताखाली दगड. मग तिने मोबाइलवर उपनगरांतल्या नावाजलेल्या बेकऱ्यांची यादी काढली आणि दर शनिवारी दोघी सासवा-सुना निघू लागल्या.

ह्यात एक गंमत होती. कुंदाताईंनी ह्या चातुर्मासात नेमकं बेकरीचंच सोडलं होतं. पाव, खारी, टोस्ट, बिस्किट, सगळं कार्तिकी एकादशीपर्यंत बंद.

"आई, सोडायचंच होतं तर कारलं सोडायचं ना," दीप्ती म्हणाली.

"कारलं मला कुठे आवडतं? देवाला काय फसवायचं आहे?"

त्यामुळे खायचं दीप्तीने आणि वास घ्यायचा कुंदाताईंनी. घाटकोपरच्या बिनअंड्याच्या बेकरीत खारीचे कढत ट्रे बाहेर आले, तेव्हा त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. "लोणी ताजं आहे," त्या म्हणाल्या, "आणि घडी घालणाऱ्याने कंटाळा केलेला नाही." दीप्तीने तुकडा मोडला. पापुद्रे पार ओढणीवर सांडले. तिने नुसती मान डोलावली. अंधेरीला स्टेशनाजवळ एक आजोबा जिऱ्याचे बटर विकायला बसले होते. गिऱ्हाईक चहाबरोबर खाणार की दुधाबरोबर, हे विचारून ते त्याप्रमाणे कडक किंवा नरम निवडून देत. मालाडच्या चर्चमागच्या बेकरीत एक बाई पावाची लादी हातावर तोलून अशी काही सोडवत होती, की सहा पाव सहा बाजूंना वळत आणि एकाचीही कड फाटत नसे. कुंदाताई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. आरतीच्या वेळी देवापुढे राहतात, तशा.

"काय बघताय एवढं?" दीप्तीने विचारलं.

"पहाटे तीनला उठून हे रोज करायचं, म्हणजे हासुद्धा नेमच की गं."

पण त्यांच्या कामाचं म्हटलं तर सगळीकडे एकच उत्तर. बाहेरचं पीठ घेत नाही, मावशी. आमच्याकडे मशीन आहे, आख्खी ट्रॉली आत जाते, त्यात तुमची दोन ताटं कुठे ठेवू? बोलत सगळे गोड, भाजून मात्र कुणी देत नव्हतं. शेवटी मालाडच्या त्या बाईलाच दया आली. "मरोळच्या गावठाणात बर्नार्डला विचारा," ती म्हणाली. "लाकडाची भट्टी आहे अजून. तो ऐकेल."

आरेच्या जंगलातून जाणाऱ्या बसने त्या मरोळला उतरल्या. क्रुसाच्या मागे कौलारू घर, घरामागे भट्टी. बर्नार्ड साठीचा गृहस्थ, अंगात बनियन, भुवयांवर मैदा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग कुंदाताईंनी चाचरत विचारलं, "ताटांना अंड्याचं काही लागलेलं…"

"बाय, माझ्या आईला पन तुमच्यासारख्या बाया असंच विचारायच्या," तो हसून म्हणाला. "ताटा तुमचीच आना. माझी नकोत. पाव साडेतीनला निघतात, चारला या. पन पाडव्यापर्यंतच हां. मग ही भट्टी उतरवायची हाय. लाकूड बंद झाला, आता गॅस."

"पाव निघाल्यावरच लावणार ना?"

"मग? आधी लावली तर कोळसा होईल."

कुंदाताईंनी मनातल्या मनात वन्संना नमस्कार केला.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी दीप्ती ऑफिसला गेल्यावर त्यांनी स्नान करून पीठ मळलं. तूप कुठलं घ्यावं? घरात सगळ्यांत चांगलं तूप देवघराच्या कपाटात होतं, निरांजनासाठी घरच्या सायीचं कढवून ठेवलेलं. वन्संसाठी तेच, असं त्यांनी ठरवलं आणि बरणी रिकामी केली. पीठ लोण्यासारखं झालं. चाखायचा तर प्रश्नच नव्हता. एक तर चातुर्मास, आणि नैवेद्याआधी चाखणं त्या घरात कुणी कधी केलेलं नव्हतं.

मरोळला बर्नार्डने ताटं लांब फळीवरून आत सरकवली. दार लावून तो तिथेच बसून राहिला. मधे एकदा त्याने नाक उचललं, कुंदाताईंकडे पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा खाली पाहिलं. नानकटाया बाहेर आल्या त्या फिकट सोनेरी, माथ्यावर बारीक भेगा, मधोमध दोन-दोन चारोळ्या. "झकास," तो हळूच म्हणाला. डबा पदराखाली धरून कुंदाताई रिक्षाने थेट मुलुंडला गेल्या. दीप्ती ऑफिसमधून तिथेच आली होती. देवापुढे नैवेद्य ठेवून कुंदाताईंनी पहिली नानकटाई वन्संच्या हातात दिली.

वन्संनी आधी चारोळ्यांवरून बोट फिरवलं. दोन आहेत हे पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी घास घेतला. जिभेवर तो विरघळला असणार, कारण त्यांनी चावला नाही. डोळे मिटले.

"कुंदा," वन्सं म्हणाल्या, "ही नानकटाई आहे की आरती?"

दीप्तीने एक उचलून तोंडात टाकली आणि तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून ओढणी लावली. "आई, कापूर," ती कशीबशी म्हणाली. "तूप कुठलं घेतलंत?"

मग उलगडलं. देवघराच्या कपाटात तुपाच्या बरणीशेजारी वर्षानुवर्षं कापराची डबी. तुपाने सगळा वास पिऊन घेतला होता. घाटकोपरचं लोणी ताजं की शिळं हे दारातून सांगणाऱ्या नाकाला कापूर मात्र कळला नव्हता. पंचेचाळीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ आरतीला जळून तो त्या नाकाला हवेसारखाच झाला होता. दीप्तीने मरोळला फोन लावला, तेव्हा बर्नार्ड म्हणाला, "वास तर मला आला. मला वाटला तुमच्यात घालतात. धर्माचा असेल, आपन कशाला बोलाचा?"

हे ऐकून वन्सं हसल्या. श्रावणानंतर पहिल्यांदा, खाट हलेपर्यंत. पण हसू ओसरल्यावर त्यांनी उरलेली नानकटाई बशीत परत ठेवली आणि बशी सरकवली. ते सरकवणं कुंदाताईंना ओळखीचं होतं.

"भाजलीय मात्र अगदी तशीच," वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या. "असू दे गं. एवढं केलंस. माझ्या जिभेला आठवण तरी झाली."

"परत आणते."

"कशाला दगदग? पाडव्यानंतर भट्टीही नाही म्हणतेस."

"पाडव्याआधी धनत्रयोदशी आहे," कुंदाताई म्हणाल्या. एवढंच.

धनत्रयोदशीला सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात बाजारच्या लोण्याचं तूप कढवलं. देवघराच्या बाजूला फिरकल्यासुद्धा नाहीत. दीप्तीला सुट्टी होती. तिने साखर दळून दिली, वेलची कुटून दिली. तूप फेसताना कुंदाताईंचा हात दुखून आला तरी त्यांनी तिला हात लावू दिला नाही. पीठ मळून झालं. मग बोटाच्या टोकावर चिमूटभर पीठ घेऊन त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. देवघराकडे एकदा बघून त्यांनी ते बोट दीप्तीपुढे धरलं.

"चाखून बघ."

दीप्ती बघतच राहिली. "आई, नैवेद्य?"

"आधी वन्सं खातील. देव मागाहून घेईल. त्याला कापराची खाल्ली तेव्हा काही म्हणता आलं नाही, आता थांबायलाही हरकत नसावी."

दीप्तीने चाखलं. पुन्हा चाखलं. "नुसतं तूप, साखर आणि वेलची," ती म्हणाली.

"नक्की?"

"शपथ."

कुंदाताईंनी पिठाचा डबा ओल्या फडक्यात बांधला. दोन ताटं पिशवीत उभी घातली. चारोळ्यांची पुडी कमरेला खोचली. घड्याळात अडीच वाजत होते. संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून लावायचा यमाचा दिवा त्यांनी ह्या घरात आल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. त्यांनी कणकेचा दिवा ताम्हनात ठेवला, वात घातली आणि ताम्हन दीप्तीच्या हातात दिलं.

"मला यायला उशीर होईल. तूच लाव."

"मी येते ना बरोबर. तिकडे भट्टीसमोर किती वेळ बसाल?"

"राग उतरेपर्यंत," कुंदाताई म्हणाल्या, आणि चपला घालून, दार हळूच ओढून घेऊन, जिना उतरू लागल्या.