एम. दळवी

“हे तुम्ही अजून कोणाला दाखवलंय?” सुनेत्राने कॉन्फरन्स रूमचं दार आतून लावून घेत विचारलं.

“कोणालाच नाही. आधी तुम्हाला,” मुश्ताक म्हणाला.

“गुड. लॅपटॉप मिटा आधी, काचेतून सगळ्यांना दिसतंय.”

मुश्ताकने लॅपटॉप मिटला, पण तो बसला नाही. बाहेर पार्किंगच्या कडेला मार्चमधला मळकट बर्फ ढिगाने पडला होता. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या ईडन प्रेरी गावात वसंत यायला अजून अवकाश होता. रिपोर्ट उद्या वॉशिंग्टनला जायचा होता, आणि आज दुपारी हा गृहस्थ येऊन सांगत होता की त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडाच चुकलाय. प्रोजेक्टची प्रमुख सुनेत्रा होती, वॉशिंग्टनला उत्तर तिला द्यायचं होतं.

कंपनी लहानशी. लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचे आकडे करून विकायचे, हा तिचा धंदा. या वेळचा सर्व्हे एका मुस्लिमबहुल देशातला होता. रस्ते, वीज, दवाखाने, पोलीस असे पुष्कळ प्रश्न होते, पण ज्यांनी पैसे मोजले होते त्या वॉशिंग्टनवाल्यांचा डोळा एकाच प्रश्नावर होता. देशात इस्लामी खिलाफत, म्हणजे खलिफाची राजवट, यावी, याला तुमचा पाठिंबा आहे का? आहे, नाही, सांगता येत नाही. ‘आहे’ म्हणणारे निम्म्याहून जरासे कमी भरले, तेव्हा सगळ्या ऑफिसचा जीव भांड्यात पडला होता. निम्म्याच्या खाली असलं की बातमी आतल्या पानावर जाते. निम्म्याच्या वर गेलं की ‘बहुमत’ हा शब्द येतो, आणि मग टीव्हीवाले आठवडाभर दुसरं काही बोलत नाहीत.

“मी स्पष्ट बोलते, दळवी, राग मानू नका,” सुनेत्रा म्हणाली. ती पुण्याची, त्यामुळे हे वाक्य ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. “सर्व्हेत एवढे क्वेश्चन्स आहेत. त्यातला नेमका हाच तुम्हाला कसा खटकला? लोक काय म्हणतील? यांना आकडा कमी करून हवाय, असंच म्हणतील ना?”

“कमी नाही होत,” मुश्ताक म्हणाला. “वाढतो.”

“म्हणजे?”

“निम्म्याच्या वर जातो.”

सुनेत्रा खुर्चीत बसली. आता मुश्ताकही बसला.

झालं होतं ते असं. त्या देशातल्या एका डोंगराळ प्रांतात घरोघरी प्रश्न विचारायला शाळेतल्या तरुण शिक्षिका नेमल्या होत्या. बाकी सगळ्या प्रश्नांना त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेची उत्तरं आली होती. या एकाच प्रश्नाला मात्र घरामागून घर ‘सांगता येत नाही’. मुश्ताकने तिथल्या सुपरवायझर बाईंना फोन लावला. बाईंनी बराच वेळ आढेवेढे घेतले आणि शेवटी खरं सांगितलं. मुली घाबरल्या होत्या. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून खिलाफतीबद्दल विचारायचं, म्हणजे उद्या पोलीस विचारणार की तुला कोणी पाठवलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही, स्वतःच ‘सांगता येत नाही’वर खूण केली आणि पुढचा घेतला. त्यांनी न विचारताच भरलेली ती उत्तरं वगळली, की देशाचा आकडा निम्म्याची रेघ ओलांडत होता.

“तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय?” सुनेत्राचा आवाज उतरला. “यार, मी तुमच्या भल्याचं सांगते. त्या प्रांतावर एक फूटनोट टाकू. विषय संपला. कोणी तपासणार नाहीये.”

“तपासायला मी आहे ना.”

“आणि उद्या हे छापून आलं की त्रास कोणाला होणारे? मला? मी केळकर. मला कोणी काही विचारणार नाही.”

मुश्ताकने लॅपटॉप काखेला मारला. “उद्या सकाळी सांगतो,” एवढंच म्हणून तो उठला.

मुश्ताक दळवी हा नाकासमोर चालणारा माणूस. दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावात जन्मला, पुण्यात संख्याशास्त्र शिकला, अमेरिकेत आला, आणि आता साठीला टेकला तरी कोणाच्या अध्यातमध्यात नाही. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, आकड्यांची जबाबदारी कोणाची तिथे, वर्षानुवर्षं त्याचं नाव एकाच तऱ्हेने छापलं जायचं. एम. दळवी. कोकणातल्या मुसलमानांची आडनावं दळवी, चौगुले, मुकादम अशी असतात, हे इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. दळवी नवराबायको इथे आले त्या पहिल्याच संक्रांतीला मंडळाच्या बायकांनी फरीदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हळदीकुंकवाचं बोलावणं केलं होतं. दळवी म्हणजे आपल्यातलेच, असं धरून. फरीदा गेली, तिळगूळ खाल्ला, वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी घेऊन आली आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली. मुश्ताक मात्र हसला नव्हता. आडनावाच्या आडोशाला बरं वाटतं, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि त्याची त्याला जराशी लाजही वाटली. मग सवय झाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सांदणं वाफवायला ठेवून फरीदाने सगळं ऐकून घेतलं. मुलगी सनाही आली होती. ती जवळच्याच शाळेत शिकवायची आणि गुरुवारी आईबापांकडे जेवायची.

“तुम्हाला कोणी विचारलं होतं?” फरीदा म्हणाली. “बाई स्वतः सांगतायत फूटनोट टाका म्हणून, तर टाकायची. नसतं दुखणं कशाला अंगावर ओढवून घ्यायचं?”

“माझं कामच आहे ते.”

“काम सगळेच करतात. उद्या मशिदीत लोक विचारतील, हे तू छापलंस? आपल्या लोकांना आणखी बदनाम करायला? काय सांगाल?”

“लोकांनी जे सांगितलं ते छापलं, असं सांगेन.”

“अब्बा,” सना मधेच म्हणाली, “नंबर तुमचा असतो, पण दे आस्क मी. टीचर्स रूममध्ये. सो सना, व्हॉट डू यू थिंक? एव्हरी सिंगल टाइम.”

“मग तू काय सांगतेस?”

“मी सांगते, आय थिंक इट्स माय टर्न टू क्लीन द मायक्रोवेव्ह.”

फरीदाला हसू आलं आणि तिने ते दाबलं. सना मात्र हसत नव्हती. “बट इज इट ट्रू? खरंच एवढे लोक हो म्हणाले?”

“म्हणाले. आणि लगेच पुढच्याच प्रश्नात आम्ही विचारलं, खिलाफत आली तर काय मिळेल असं तुम्हाला वाटतं? तर म्हणाले, कोर्टात निकाल लागेल. दवाखान्यात औषध मिळेल. लाच न देता दाखला मिळेल. मत द्यायचा हक्क राहायला हवा का, तर यातलेच बहुतेक म्हणाले, हवाच.”

“दॅट्स अ होल डिफरंट स्टोरी! मग ते सांगा ना.”

“तेच तर. तेही सांगायचं, हेही सांगायचं. पहिलं लपवलं तर दुसरं कोण खरं मानेल?”

“लीव्ह इट, अब्बा. प्लीज. नोबडी विल नो.”

खरं सांगायचं तर मुश्ताक घाबरला होता. नोकरीला नाही, टीव्हीलाही नाही. या पोरीला उद्या त्या खोलीत एकटीला उभं राहावं लागेल, याला घाबरला होता. “त्या मुली घाबरल्या म्हणून त्यांनी खोटी खूण केली,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना पोलिसांची भीती होती, मी त्यांना दोष देत नाही. पण मी इथे उबेत बसून तेच करायचं?”

“घाबरायचं,” फरीदा म्हणाली. “घाबरून राहिलो म्हणून हे घर झालं.” तिने गॅस बंद केला आणि ताटं घेतली. सांदणं फार सुरेख फुलली होती, पण त्या दिवशी तिघांपैकी कोणीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

सकाळी सुनेत्रा त्याच्या आधीच येऊन बसली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“काही बोलू नका,” ती म्हणाली. “मी तुमचा हिशेब दोनदा करून पाहिला. तुम्ही बरोबर आहात. डॅम इट. नवा आकडा टाकला मी. वॉशिंग्टनचा फोनही येऊन गेला. बहुमत म्हटल्यावर ते तर उड्याच मारतायत.”

“आणि पुढचा प्रश्न? तो पहिल्याच पानावर हवा. याच्या खाली.”

“मागितलं मी. भांडले. ते म्हणाले, दुसऱ्या पानावर. दळवी, दुसरं पान तरी मिळालं, नाहीतर ते अपेंडिक्समध्ये ढकलत होते.”

मुश्ताकने मान हलवली. दुसरं पान कोण उलटतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सुनेत्राने शेवटचं पान त्याच्यापुढे केलं. “नाव नेहमीसारखंच आहे. एम. दळवी. ते एक बरंय. अमेरिकनांना काही कळत नाही, आणि आपल्या लोकांना वाटेल...” ती थांबली.

“काय वाटेल?”

“तुम्हाला माहितीये काय वाटेल. आत्ता तेच सेफ आहे ना?”

तिच्या बोलण्यात काडीइतकाही वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते मुश्ताकला जास्त लागलं.

“पूर्ण नाव टाका,” तो म्हणाला. “मुश्ताक अब्दुल रहमान दळवी.”

“आर यू शुअर? इतकी वर्षं नाही, आणि नेमकं आजच?”

“आजच. एवढा मोठा आकडा द्यायचा आणि देणाऱ्याने आडनावामागे लपायचं, हे बरं दिसत नाही. ज्यांनी दारात उभं राहून उत्तर दिलं, त्यांनी नाही लपवलं काही.”

सुनेत्राने टाइप केलं. स्पेलिंग त्याला दोनदा विचारलं, आणि तो बाहेर पडेपर्यंत स्क्रीनवरून नजर उचलली नाही.

बातमी आली ती ‘बहुमत’ म्हणूनच आली. दुसरं पान कोणी उलटलं नाही. सनाने दोन दिवस फोन केला नाही, आणि तिसऱ्या दिवशी केला तेव्हा फक्त आईशी बोलली. मुश्ताकला तिचा आवाज पलीकडून ऐकू येत होता. त्याने फोन मागितला नाही.

मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वर कुंटे यांचा फोन मात्र अगत्याने आला.

“दळवी, मानलं तुम्हाला! काय हिंमत! अहो, तुमच्यासारखी चार माणसं तुमच्या लोकांत असती ना, तर जग वेगळं असतं.”

‘तुमच्या लोकांत’ हे शब्द कुंट्यांनी फार प्रेमाने उच्चारले. इतक्या वर्षांत कुंट्यांनी त्याची ओळख करून देताना ‘आमचे दळवी’ याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं.

“स्नेहमेळाव्यात दहा मिनिटं बोला ना यावर,” कुंटे म्हणाले. “तुम्ही सांगितलंत की लोकांना पटतं.”

“बोलेन. पण दोन्ही प्रश्नांवर बोलेन. पुढच्या प्रश्नात लोक काय म्हणाले, तेही.”

“ते राहू द्या हो. जेवणाआधीचा स्लॉट आहे, लोक कंटाळतात.”

“मग मलाही राहू द्या, कुंटेसाहेब,” मुश्ताक म्हणाला. त्याने फोन ठेवला. फरीदाने सगळं ऐकलं होतं, तिने चहा टाकला.

पुढच्या शुक्रवारी तो मशिदीत गेला. जाऊ नका, असं फरीदा म्हणाली नाही. तिने फक्त त्याचा कोट आणून दिला. एका जुन्या गोदामात केलेली ती मशीद, आणि तिथे येणारे बहुतेक सोमाली. वरसमे नावाचा एक टॅक्सीवाला म्हातारा किती तरी वर्षं जुम्म्याला मुश्ताकच्या डाव्या हाताला उभा राहायचा. दोघांची भाषा एक नव्हती, पण नमाज झाली की वरसमे त्याचा हात दोन्ही हातांत धरायचा आणि मोडक्या इंग्रजीत पोरांची खुशाली विचारायचा.

आज मुश्ताक आत आला तेव्हा दाराशी चाललेलं बोलणं थांबलं. एका तरुणाने हातातला मोबाइल खिशात टाकला. मुश्ताकने सलाम केला. काहींनी परत केला, काहींना ऐकू गेला नसावा. वरसमे आधीच रांगेत होता. मुश्ताक त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून तो एक पाऊल पलीकडे सरकला. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली.

मागून लोक येत होते, इकडेतिकडे उभे राहत होते. त्या जागेत कोणी आलं नाही.

इमाम पुढे झाला, वळला आणि दर वेळी सांगतो तेच त्याने सांगितलं. रांगा सरळ करा, मधे जागा सोडू नका, खांद्याला खांदा लावून उभे राहा. वरसमे हलला नाही. मुश्ताकने क्षणभर वाट पाहिली. मग तो स्वतःच डावीकडे सरकला, खांदा म्हाताऱ्याच्या खांद्याला टेकेपर्यंत.

नमाज सुरू झाली, आणि नमाज सुरू झाल्यावर कोणाला जागा सोडता येत नाही.