तीळ कुठल्या गालावर

आमच्या रविवार ठसा मंडळाचा एक नियम मला मुळीच आवडत नाही, आणि तोच मी सगळ्यात जास्त वेळा मोडलाय. लाकडावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. म्हणून कोरायच्या आधी चित्र उलटं काढून घ्यायचं. एवढी साधी गोष्ट. ती जो विसरेल त्याची छाप 'उलट्या भिंती'वर कायमची टांगायची, खाली नाव, तारीख आणि चूक लिहिलेली चिठ्ठी डकवायची, आणि त्यानं अख्ख्या मंडळाला कटवडा खायला घालायचा. भिंतीवर आजवर अकरा छापा लागल्या, त्यातल्या पाच माझ्या. डाव्या हातानं जेवणारा पैलवान माझा. मागं चालणारं घड्याळही माझंच.

अख्खं मंडळ म्हणजे चार माणसं. शनिवार पेठेत माझ्या वडिलांची, गैबी मिस्त्रींची, सुतारकामाची शेड आहे. रविवारी धंदा बंद असतो, तेव्हा तिथं आम्ही जमतो. अब्बा सभासद नाहीत, असं ते स्वतः म्हणतात. फळ्या रंधून देणं, हत्यारांना धार लावणं आणि प्रत्येकाच्या कामाला नावं ठेवणं, एवढंच ते करतात. दुसरी डॉक्टर राजनंदिनी, दातांची. ती दवाखान्यातल्या हत्यारांनी कोरते आणि कोरताना फळीला "आ करा, दुखणार न्हाई" म्हणते. तिसरी मी, सबिना, शाळेत चित्रकला शिकवते. आणि चौथे आमचे संस्थापक, अध्यक्ष आणि न्यायाधीश, त्र्यंबक सर. आठवीत त्यांनी माझ्या हातात कोरायची पहिली पटाशी दिली आणि पहिली चापटही दिली, उलटं न केल्याबद्दल.

सर स्वतः कधी चित्र गिरवून घेत नाहीत. गिरवायचा कागद म्हणजे पांगुळगाडा, असं त्यांचं म्हणणं. ते थेट फळीवर ब्रशनं काढतात. उलटी अक्षरं तर आपण सही करावी तितक्या सहज लिहितात. चाळीस वर्षांत त्यांची एकही छाप उलट्या भिंतीवर लागलेली नाही, आणि हे ते आठवड्यातून एकदा तरी आम्हांला सांगतात.

आता माई. माई म्हणजे सरांची बायको. स्वभावानं रोखठोक, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. पण त्यांचं एक अजब होतं. स्वतःचा फोटो त्यांना कधीच पटला नाही. लग्नाच्या फोटोपासून सुरुवात. "हे माझं तोंड न्हवं," म्हणून त्यांनी तो ट्रंकेच्या तळाला घातला. पुढं पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरांनी स्टुडिओत नेलं. तिथल्या माणसानं तीनदा काढला आणि माई तिन्ही वेळा म्हणाल्या, "कुणाचा काढलाय?" गेल्या दिवाळीत राजनंदिनीनं त्यांना मोबाईलवर सेल्फी काढून दाखवला. माई आधी खूश झाल्या, मग खवळल्या.

"काढायच्या आधी मीच हुते की गं यात," त्या म्हणाल्या. "बटण दाबल्यावर कोण आली ही?"

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. "पन्नासाव्या वर्षी मी तुला तुझं तोंड दाखवतो," ते म्हणाले, आणि ते त्यांनी मनावर घेतलं. खरं तर त्याच्या दोन वर्षं आधीच ते कामाला लागले होते. अब्बांनी नेसरीच्या एका जुन्या दाराची सागवानी फळी त्यांना घोटून दिली होती. तीन वर्षं दुपारी माई समोर लसूण सोलत बसायच्या आणि सर कोरायचे. "कपाट कोरतोय" असं त्यांना सांगितलं होतं. सरांना पारितोषिक नको होतं, प्रदर्शन नको होतं. माईंनी छापेकडं बघून "ही मी" म्हणावं, एवढंच हवं होतं.

लग्नाच्या वाढदिवसाआधीच्या रविवारी पहिली छाप काढली. मी काचेवर शाई पसरली, रूळ फिरवला. फळीवर कागद ठेवून सरांनी भातवाढीच्या पाठीनं तो अर्धा तास घासला. मग दोन कोपरे धरून उचलला.

आम्ही तिघंही पुढं वाकलो.

माईच होत्या. पण तीळ डाव्या गालाचा उजव्या गालावर गेला होता. नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर. नथ कानडी आणि पदर गुजराती. खाली 'माई' ही अक्षरं मात्र अगदी सुलटी होती, कारण ती सरांनी शेडमध्ये कोरली होती, सवयीनं उलटी. चेहरा कोरला घरी, माईंच्या समोर बसून, आणि समोर दिसलं तसाच.

सरांच्या लक्षात आलं नाही. छाप निघाली की सर चित्र बघतच नाहीत, शाई बघतात. भिंग घेऊन ते बोटभर बोटभर सरकत गेले.

"हनुवटीला शाई कमी पडलीय," ते म्हणाले. "पहिली छाप अशीच असते. फेकून दे, सबिना. पुढच्या रविवारी बारा प्रती काढू. माईला चार वाजता बोलावतो." आणि शीळ घालत गेले. सरांना शीळ घालताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

ते वळणावर दिसेनासे झाले आणि आमच्यात भांडण जुंपलं.

"सांग जा तू," अब्बा मला म्हणाले. "तुझा मास्तर हाय."

"तुम्ही सांगा. फळी तुमची हाय."

"फळी सुलटीच दिलती मी!"

"कुणीच सांगायचं न्हाई," राजनंदिनी म्हणाली. "तीन वर्षं कोरलंय त्या माणसानं. आता सांगितलं तर फळी बंबात घालंल. नथ नि तीळ हिकडनं काढायचा, तिकडं बसवायचा. दातात सिमेंट भरतो तसं."

"आणि पदर?" मी विचारलं.

"पदराकडं कोण बघालंय?"

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मी पाच वेळा भिंतीवर टांगलेली बाई. माझं कोण ऐकणार, आणि सरांना 'तुम्ही चुकलात' म्हणायची माझी हिंमत तर आजही नाही.

गुरुवारी आम्ही माईंना दवाखान्यात नेलं. म्हणजे फळीला. राजनंदिनीनं ती खुर्चीवर निजवली, गळ्याशी कागदी रुमाल बांधला आणि डोक्यावरचा दिवा लावला. जुना तीळ तिनं ड्रिलनं उडवला. दुसऱ्या गालावर सिमेंटचा ठिपका ठेवून त्यावर निळा उजेड मारला. तसंच नथीचं. सवयीनं तिच्या तोंडून "चूळ भरा" गेलंच. बाहेर दाढ धरून बसलेल्या एका पाव्हण्यानं दारातून डोकावून बघितलं आणि दुखणं तसंच घेऊन तो निघून गेला.

राहिली ती पहिली छाप. सर म्हणाले होते फेकून दे. पण मी नियमाची फार पक्की आहे, विशेषतः नियम दुसऱ्याला लागत असला तर. सरांची उलटी छाप कचऱ्यात जाणार आणि माझं घड्याळ जन्मभर लटकणार, हे मला सहन झालं नाही. मी ती गुपचूप उलट्या भिंतीवर लावली, माझ्या घड्याळाच्या छापेखाली झाकून. वर घड्याळ, आत माई. कुणाला दिसणार नव्हतं. मला माहीत होतं, तेवढं समाधान पुरेसं होतं.

रविवारी सर यायच्या आधीच मी फळीला शाई लावून ठेवली, म्हणजे सिमेंट दिसू नये. बारा प्रती निघाल्या. सरांनी भिंग लावलं.

"तीळ बघा," ते म्हणाले. "काय धार आलीय तिळाला! असा तीळ आयुष्यात कोरला नाही मी."

राजनंदिनी लाजली.

मग फुलीची वेळ आली. ठरलेल्या प्रती निघाल्या की ठशावर आडवीउभी फुली कोरायची, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. सर याबाबतीत फार कडक. माझ्या कितीतरी चांगल्या ठशांवर त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता फुली मारली आहे. आज त्यांनी पटाशी उचलली, माईंच्या कपाळावर टेकवली आणि हात थांबला.

"गैबीभाई, तुम्ही मारा."

"वहिनींच्या तोंडावर? तोबा तोबा! उद्या त्यांच्या हातचा चहा प्यायचाय मला."

फळी तशीच राहिली. चार वाजता माई आल्या. ठेवणीतली साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. सरांनी बाराही प्रती दोरीवर ओळीनं लावल्या होत्या. ते हात पाठीमागं बांधून उभे होते.

माई पहिलीपुढं थांबल्या. मग दुसरी, तिसरी. बाराही बघून परत पहिलीपाशी आल्या.

"झ्याक कोरलंय," त्या म्हणाल्या. "कोण पावणी ही?"

"अगं, तू आहेस," सर म्हणाले.

माई जवळ गेल्या, लांब गेल्या. त्यांनाही खोटं बोलायचं होतं, ते दिसत होतं, पण त्यांना ते जमत नाही. "न्हाई ओ," त्या हळू म्हणाल्या. आवाज हळू होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "माझ्या मावशीच्या घरातली कुणीतरी वाटती. पण मी न्हवं ही."

सर स्टुलावर बसले. ते एकदम म्हातारे दिसले. मला रडू आलं. सरांसाठी आलं, आणि आपण त्यात सिमेंट घालून बसलोय म्हणूनही. काय करावं ते न सुचून अब्बांनी मोठा पंखा लावला. माणूस दुःखात असला की अब्बा पंखा लावतात.

भुसा उडाला, दोरीवरच्या बारा जणी फडफडल्या आणि उलट्या भिंतीवरचं माझं घड्याळ टाचणीसकट उडून राजनंदिनीच्या तोंडावर बसलं.

"आत्ता!" माई ओरडल्या. शेजारच्या गिरणीतला माणूस बाहेर आला, इतक्या जोरात. "ही बघा की मी! हिकडं कोपऱ्यात कशाला टांगलाय मला?"

त्यांनी पहिली छाप भिंतीवरून उतरवली. हनुवटीला शाई कमी, तीळ उजवीकडं, नथ कानडी, पदर गुजराती. माई तिच्याकडं बघून हसत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. शेडमध्ये एका लग्नाचं कपाट पॉलिश करून ठेवलं होतं, दाराला पुरुषभर आरसा. माई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि छाप गालाशी धरली.

"बघा. तीळ इथं, तिथं बी तीळ इथं. पदर ह्या अंगाला, तिथं बी ह्याच अंगाला. सकाळी येणी घालताना रोज हीच असती समोर."

आम्ही सगळे मागं गोळा झालो. आरशातली माई आणि कागदावरची माई अगदी एक होत्या. राजनंदिनीनं कपाळावर हात मारला. "त्या सेल्फीत पण तेच झालतं! बटण दाबायच्या आधी आरशागत दिसतंय, मग फोटो सुलटा होतोय."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. ते उठले, भिंग न घेता दोरीवरची प्रत बघितली, माईंच्या हातातली छाप बघितली, मग फळीकडं गेले आणि नखानं तीळ खरवडला.

"हे काय आहे?"

"सिमेंट," राजनंदिनी म्हणाली. "लै भारी असतंय. दहा वर्षं हलत न्हाई."

"माझ्या ठशाला दाताचं सिमेंट?" सर असे कडाडले की मी पुन्हा आठवीत गेले. मग मी सगळं सांगून टाकलं. दवाखाना, खुर्ची, घड्याळाखाली लपवलेली छाप, सगळं. सर लालबुंद होऊन ऐकत होते आणि माई आरशासमोरून हलायला तयार नव्हत्या.

"त्या पोरांस्नी काय ओरडालाय?" त्या म्हणाल्या. "हिकडं या आधी."

सर गेले. माईंच्या मागं उभे राहिले आणि आरशात बघू लागले.

"तुला तू अशी दिसतेस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मला कधी दिसलीच नाहीस अशी."

"आता दिसली न्हवं? मग झालं तर," माई म्हणाल्या. "पन्नास वर्षांत कुणीतरी माझं तोंड वळखलं एकदाचं."

सरांनी चष्मा पुसला. पटाशी उचलली आणि फळीवर सरळ दोन घाव घातले, आडवा आणि उभा, मोठी फुली. या खेपेला हात अडखळला नाही. "ही कोण बाई मला माहीत नाही," ते म्हणाले. पहिल्या छापेखाली त्यांनी पेन्सिलीनं आकडा घातला, एकातली एक. तशी दुसरी आता निघणारच नव्हती.

छाप माईंनी कुणाच्या हातात दिली नाही. ती पदराखाली धरून त्या निघाल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "त्या बारा जणींचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या घरात आणायच्या न्हाईत."

सर मात्र मागं राहिले. चौघांसाठी कटवडे सांगितले आणि माईंसाठी एक बांधून घेतला. मग चिठ्ठी कापून उलट्या भिंतीवर रिकाम्या झालेल्या जागी डकवली. नाव: त्र्यंबक. तारीख: आजची. चूक या शब्दापुढं त्यांनी लिहिलं, 'पन्नास वर्षं समोरूनच बघितलं.'

माझं घड्याळ मी परत लावत होते तर म्हणाले, "ते तिथं नको, सबिना. चिठ्ठी झाकली जाईल."