वाकळेच्या नक्षीची अंगठी

स्वरूपा बेळगावात नागराजशेटच्या दुकानात दागिन्यांची डिझाईनं करायची. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचा संगणक होता. त्यावर ती अंगठी काढायची, मग तिचा मेणाचा नमुना व्हायचा आणि तो गिऱ्हाइकाला पसंत पडला की सोन्यात ओतकाम. अलीकडं क्विल्टेड अंगठ्यांची मागणी वाढली होती. रुंद पट्टी, तिच्यावर तिरप्या रेघांचे चौकोन, प्रत्येक चौकोन उशीसारखा किंचित फुगलेला आणि रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं बारीक हिरा. पोरी फोनवर परदेशातल्या अंगठ्यांचे फोटो घेऊन यायच्या. स्वरूपा ते बघायची आणि तिला उचगावच्या घरातली वाकळ दिसायची. आई जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा मारायची, तेव्हा दोन ओळींच्या मधलं कापड असंच फुगून यायचं.

त्या दिवशी एक मुलगी आपल्या आत्याबरोबर निपाणीहून आली. नाव प्रियदर्शनी. दिवाळीनंतर तिचा साखरपुडा होता. तिनं काउंटरवर फोन ठेवला.

"मॅडम, अशी पायजे. निपाणीतल्या सोनारानं सांगितलं, हे काम तुमच्याकडंच होतंय."

स्वरूपानं बघितलं. फोटोत कागदावर पेन्सिलीनं काढलेली अंगठी होती. कागद एका हिरव्या, विटक्या वाकळेवर ठेवला होता. ती वाकळ तिच्या आईची होती. चित्र स्वरूपानं स्वतःच्या अंगठीसाठी काढलं होतं.

"हे कुठं मिळालं?" तिनं विचारलं.

"आमच्या ह्यांच्या फोनमध्ये. इंटरनेटवरनं घेतलंय म्हणाले. त्यांना सांगितलेलं न्हाय मी, सरप्राईज द्यायचं हाय."

'ह्यांचं' नाव विचारायची गरज नव्हती. तरी आत्या कौतुकानं बोललीच. जावई विक्रम, तंबाखूच्या वखारीवाले.

गेल्या वर्षी याच विक्रमशी स्वरूपाचं ठरलं होतं. सुपारी फुटली होती. तेव्हाच तिनं आपल्या चित्राचा फोटो त्याला पाठवला होता. मग बांगड्या भरताना त्याच्या आईला तिच्या मनगटावरचा पांढरा डाग दिसला. डॉक्टरनं सांगितलं, कोड आहे, कुणाला लागत नाही, त्रास काही नाही. मध्यस्थ येऊन सांगून गेला की मंडळी नको म्हणतात. विक्रमनं फोनवर एक ओळ पाठवली, 'माझा इलाज न्हाय,' आणि तिथून पुढं गप्प. त्यानंतर स्वरूपाला ना राग आला, ना रडू. ती कामाला येत राहिली. जेवण समोर आलं की जेवायची. कुणी हसलं की तीही हसायची, जरा उशिरानं.

आताही आत काही हललं नाही. तिनं प्रियदर्शनीच्या बोटाचं माप घेतलं, चौकोन किती मोठे हवेत ते विचारलं आणि सगळं लिहून घेतलं.

मेणाचा नमुना बघायला प्रियदर्शनी एकटीच आली. निळं मेण बोटात घालून तिनं हात लांब धरला.

"लई गोड दिसतंय," ती म्हणाली. मग आपलं मन मोकळं करावं तशी बोलू लागली. "मॅडम, एक इचारू? तुमच्याकडं इतकी लग्नं येतात. बघायला आल्यावर सासूबाईंनी मला आत नेऊन बाह्या कोपरापर्यंत सारायला लावल्या. पायसुद्धा बघितले. आत्या म्हणाली, असतंय एकेकाचं. पण मला ते कसंतरी वाटलं. असं करतात का सगळे?"

बोलता बोलता तिची नजर स्वरूपाच्या मनगटावर गेली. तिथंच थांबली.

स्वरूपानं हात मागं घेतला नाही. "सगळे न्हाई करत," ती म्हणाली. "तुझ्या सासूबाईंनी बघितलं ते माझ्यामुळं. तुझ्याआधी माझं ठरलं होतं तिथं."

प्रियदर्शनीनं बोटातल्या निळ्या मेणाकडं बघितलं. "मग हे चित्र?"

"माझंच."

"तुम्ही पहिल्या दिवशी का न्हाई सांगितलं?"

स्वरूपानं खरं उत्तर शोधून बघितलं. "सांगावंसं वाटलंच न्हाई. काहीच वाटत न्हाई गं मला."

प्रियदर्शनीनं मेणाची अंगठी हळूच काढून ठेवली आणि ती निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तिचा दुकानात फोन आला. "ऑर्डर नको. मी त्यांना विचारलं, माझ्या अंगावर काय हुडकत होता तुम्ही? ते म्हणाले, आईला विचार. चित्र कुणाचं विचारलं, तर परत खोटंच बोलले. मग मीच नको म्हटलं." ती रडत होती. स्वरूपानं रिसीव्हर कानाशी धरून ठेवला. "बरं केलंस" असं म्हणावंसं तिला वाटलं नाही, "वाईट झालं" असंही नाही. ती म्हणाली, "घरचे काय म्हणतात?" प्रियदर्शनी म्हणाली, "आत्या बोलत न्हाय. आप्पा हायत माझ्या बाजूला."

रविवारी मध्यस्थ उचगावला आला आणि स्वरूपाच्या वडिलांवर, मारुतीरावांवर, ओरडू लागला. "तुमच्या पोरीनं जमलेलं लगीन मोडलं!"

"माझ्या पोरीला इचारलं, तिनं सांगितलं," मारुतीराव म्हणाले. "खोटं सांगितलं का? तेवढं बोला." मध्यस्थ चहा न घेताच उठला. आतल्या खोलीत स्वरूपा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकलं आणि पुढची साडी हातात घेतली.

सोमवारी नागराजशेटनं विचारलं, "त्या मेणाचं काय करायचं? वितळवू?"

"नको शेट. ओता सोन्यात. दुकानासाठी."

"सरी, तसं करू. मोडलेल्या सोयरिकीची हाय, हे कुणाला बोलू नको म्हणजे झालं."

अंगठी झाली. चौकोनांवर झिलई चढली, खाचा तशाच मंद ठेवल्या, म्हणून फुगवटा उठून दिसला. खानापूरकडच्या एका जोडप्यानं ती पसंत केली. मुलगा सावध होता. "मॅडम, खाचांत मळ बसंल न्हवं?"

"बसतो," स्वरूपा म्हणाली. "कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रश फिरवायचा."

मुलीनं अंगठी काढलीच नाही, बोटात घालूनच नेली.

घरी स्वरूपानं आईला अंगठी विकली गेल्याचं सांगितलं. रुक्माबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले.

"वाईट वाटलं का गं?"

"न्हाई."

"मग बरं वाटलं?"

स्वरूपानं विचार केला. आईशी तरी खोटं बोलायचं नव्हतं. "ते बी न्हाई अजून."

रुक्माबाईनं मान हलवली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "बस जेवायला," ती म्हणाली.