प्रत्येकीला दहा मिनिटे

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई आठवडाभर रजेवर गेल्या आणि त्यांचे काम प्रयोगशाळेतल्या तरुण तंत्रज्ञाच्या गळ्यात पडले. रक्ताच्या थेंबांशी त्याचे बरे जमे. माणसांसमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटे. जाताना बाईंनी एकच गोष्ट बजावली होती : "निकाल काहीही असो, प्रत्येकीला आत दहा मिनिटं बसवायचं."

का, हे विचारण्याचे त्याला धाडस झाले नाही.

त्या सकाळी पहिल्या चार गर्भवतींच्या रक्तात एचआयव्हीची लागण आढळली नाही. "सगळं ठीक आहे, ताई," एवढे पुटपुटून त्याने चौघींना दोन-दोन मिनिटांत मोकळे केले. आणखी बोलायचे तरी काय? पाचवीच्या तपासणी-पट्टीवर मात्र एकीच्या जागी दोन रेघा उमटल्या. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या पट्टीनेही तेच सांगितले. आयुष्याचे दोन तुकडे करणारी रेघ इतकी फिकट, इतकी नाजूक असावी, याचेच त्याला कितीतरी वेळ नवल वाटत राहिले.

त्याने दार किलकिले केले. बाकावर पाचवी बसली होती, सातवा महिना लागलेली. शेजारी तिची सासू.

"दोन मिनिटांचं काम," सासू कुणालातरी सांगत होती, "आत गेलं की बाहेर. ज्या बाईला वेळ लागेल, तिचं कुठेतरी पाणी मुरतंय समजायचं."

दहा मिनिटांचा अर्थ त्याला तेव्हा लख्ख उमगला. दोन मिनिटांत हे सांगणे अमानुष होते आणि दहा मिनिटे बसवणे म्हणजे साऱ्या बाकासमोर दवंडी पिटणे. आपल्याच मुखदुर्बळपणाने त्याने ही दोन मिनिटांची मोजपट्टी बाकावरच्या बायकांच्या हाती दिली होती.

तो गोळ्यांच्या खिडकीकडे गेला. पहिल्या चौघी अजून रांगेतच होत्या.

"ताई, तुम्ही चौघी एकेक करून परत आत या. माझी चूक झाली. निम्मं सांगायचंच राहिलं."

"अगं बाई! मघाशी काय मिठाची गुळणी धरली होती?" पहिली म्हणाली आणि रांग खळखळून हसली.

त्याचे कान तापले. तरीही तो बोलला : झोप, पाणी, गोळ्यांच्या वेळा, बाळाची हालचाल. चौथीपर्यंत शब्द संपले, तेव्हा पायांखाली उशी कशी घ्यायची तेही सांगून झाले.

"दादा, तुम्हाला मुलं किती?" चौथीने विचारले.

"लग्न व्हायचंय अजून."

"तरीच एवढं पाठ आहे!"

मग पाचवी. सासूही उठली.

"मावशी, एकेकीनेच यायचंय," तो म्हणाला आणि स्वतःच्या आवाजातल्या ठामपणाने दचकला.

दार लावून त्याने सांगितले. तीनदा पडताळल्याचेही सांगितले. तिचा हात पोटावर गेला.

"आणि याला?"

"डॉक्टरबाई आजच गोळ्या सुरू करतील. रोज, न चुकता घेतल्या, तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार, फार कमी होते."

"बाहेर कुणाला कळेल?"

"तुम्ही सांगाल त्यालाच. यजमानांनाही तपासायला हवं. त्यांना कसं सांगायचं, ते समुपदेशक बाई रजेवरून आल्या की मिळून ठरवू."

ती निःशब्द रडली. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही. मग त्याने कोपऱ्यातला नळ सोडला. ती उठली आणि तिने थंड पाण्याने तोंड धुतले.

ती बाहेर पडताच सासूचा आवाज आला, "एवढा वेळ काय गं? आणि चेहरा का असा?"

दाराआड तो कान देऊन उभा राहिला.

"बोलून बोलून झोप आणली त्यांनी," ती म्हणाली. "तोंड धुऊन आले."

"विचारूच नका!" चौथीने री ओढली. "मला तर उशी घ्यायलासुद्धा शिकवलंय."

सासूही हसली.

त्याने सहावीला बोलावले. तिच्या पट्टीवर एकच रेघ होती.

"बसा, ताई," तो म्हणाला, "दहा मिनिटं लागतील."