इंजिनाचा पिवळा दिवा

भाची चंदना हिला राजाजीनगरहून देवनहळ्ळीच्या लग्नमंडपात मामाने न्यायचं होतं. मामा दोन, थोरला मी आणि धाकटा आप्पाजी. तुंगक्काने, आमच्या बहिणीने, आप्पाजीची नवी गाडी ठरवली. माझी जुनी, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. मी तोंडाने कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हटलं, पण मनाला ते लागलं.

लग्नाच्या आदल्या सकाळी आप्पाजी घाबराघुबरा आला. त्याच्या गाडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता. मला इतका आनंद झाला की मी स्वतः त्याला कॉफी करून दिली.

"नवीन गाड्यांचं हे असं," मी तुंगक्काला ऐकवलं. "माझ्या गाडीत आजवर एकदा तरी दिवा लागलाय?"

"विठोजी, आधी दाखवून तर या," ती म्हणाली.

दोन्ही गाड्या घेऊन आम्ही शिवाजीनगरला महांतेशच्या गॅरेजात गेलो. येताना माझी गाडी फुलांनी सजवूनच आणायची, असं मी मनात ठरवलं होतं. महांतेशने आप्पाजीच्या स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं. पडद्यावर बिघाडाचा कोड आला.

"टाकीतून पेट्रोलची वाफ निसटतेय."

"म्हणजे मोठं काम!" मी म्हणालो.

महांतेशने जाऊन पेट्रोलचं झाकण फिरवलं. टक्, टक्. "स्वल्प ढिलं होतं, अण्णा." त्याने कोड पुसला. दिवा विझला.

"आता माझीही बघ," मी चिडून म्हणालो. "कळू दे ह्याला."

महांतेशने माझ्या गाडीची किल्ली नुसती फिरवली. "किल्ली फिरवली की सगळे दिवे जरा वेळ लागायला पाहिजेत. तुमचा इंजिनाचा लागतच नाही."

त्याने स्टिअरिंगमागची, वेगाच्या काट्यांची पेटी उघडली. मागच्या मालकाने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. यंत्रावर तीन कोड निघाले. आप्पाजी हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

"उद्या चालेल का?" मी विचारलं.

"हळू न्या. दिवा लुकलुकला तर मात्र तिथेच थांबा."

लग्नाच्या सकाळी चंदना पुढे आप्पाजीच्या गाडीत, मी मागे माझ्या गाडीत, समोर पट्टी काढलेला पिवळा दिवा. वाटेत आप्पाजीने पेट्रोल भरलं. मी धावत उतरलो आणि त्याचं झाकण टक् टक् वाजेपर्यंत पिळलं.

"अण्णा, एवढी काळजी?"

"काळजी कसली! परत दिवा लागला तर सगळे म्हणतील, माझीच दृष्ट लागली."