चुकल्याचं तेल

पाथर्डीच्या पुढं डोंगराला टेकून माथेवाडी आहे, आणि माथेवाडीत गोजरबाईइतकी नेमाची बाई दुसरी नाही. हे कोण सांगायचं? गोजरबाईच सांगायची. गावानंही कधी नाही म्हटलं नाही. तिच्या तोंडाला लागणार कोण?

गावचा देव नाथबाबा. होळीच्या आधी महिनाभर त्याच्या समाधीला तेल लागतं, आणि त्या दिवसापासून गावाचं तेल बंद. फोडणी तेवढी चालते; कुणाच्या घरी तळण नाही, डोक्याला तेल नाही, न्हाव्याचा वस्तरा पेटीत, खाटा भिंतीला उभ्या आणि माणसं जमिनीवर. गोजरबाईनं हा महिना चाळीस वर्षं पाळला. शेजारून वास जरा जास्त आला तरी ती उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "काय गं, फोडनी हाय का तळन?"

आणि अशा बाईनं मागच्या साली त्याच महिन्यात भजी तळली.

झालं असं, की सून पूजा तिसऱ्या महिन्यात होती. पोरगा ज्ञानेश्वर ऊसतोडीला गेलेला, आणि सुनेच्या पोटात पाणी ठरेना. आठ दिवस पोरगी नुसती भिंतीला टेकून. एका दुपारी हळूच म्हणाली, "आत्याबाई, कांद्याची भजी खावीशी वाटत्यात ओ." गोजरबाईनं आधी देवाचं नाव घेतलं, मग सुनेच्या तोंडाकडं बघितलं, मग दार लावलं, खिडकीत गोधडी कोंबली आणि कढई चढवली. पूजानं अकरा भजी खाल्ली आणि एकही उलटली नाही. गोजरबाईला इतका आनंद झाला की बारावं भजं तिनं स्वतःच्या तोंडात टाकलं. कुणाला कळलं नाही, आणि होळीलाही ती गप्पच राहिली.

भादव्यात अमृत झाला. गुटगुटीत, आवाज असा की दोन वस्त्या जाग्या व्हाव्यात. पण दोन्ही पाय घोट्यातून आत वळलेले, तळवे एकमेकांकडं बघणारे. नर्सबाई म्हणाल्या, "घाबरू नका, काही पोरांचं असतं असं. प्लॅस्टरनं सरळ होतात." गोजरबाईला त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. तिला कढईतला चर्र आवाज ऐकू आला.

दसऱ्यानंतर नगरच्या दवाखान्यात पहिलं प्लॅस्टर घातलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दर सोमवारी यायचं, सहा-सात लागतील, पाय कोवळे आहेत तोवर उरकून घेऊ. चौथ्या दिवशी पोरानं लाथा झाडून एका पायाचं प्लॅस्टर मोज्यासारखं उतरवून टाकलं. झालं! गोजरबाईला खूण पटली. देवानं दिलेली शिक्षा माणूस पुसायला गेला तर देव फेकूनच देणार. "आधी देवाचं, मग डॉक्टरचं," तिनं जाहीर केलं. देवाचं म्हणजे माफी, आणि माथेवाडीत त्या महिन्याच्या चुकीची माफी वर्षातून एकदाच मागता येते, होळीच्या सकाळी. म्हणजे पाच महिने थांबा.

पूजा एका शब्दानं भांडली नाही. मान खाली घालून पोराचे पाय चोळत बसायची. ही मनातून आपल्याला शिव्या देत असणार, असं गोजरबाईला वाटायचं, आणि द्याव्यातच असंही वाटायचं. पाय दिवसेंदिवस कडक होत चाललेत, हे गोजरबाईच्याही हाताला कळत होतं. जीव तीळतीळ तुटायचा. रोज देवळाच्या दिशेनं हात जोडून ती भांडायची, "तळली मी, खाल्ली मी. माझे पाय मोड की रं. लेकराचे कशाला?"

होळीच्या सकाळी देवळासमोर तीन दगडांवर मोठी कढई चढते. महिन्याभरात ज्याचा नेम मोडला त्यानं घरून पळीभर तेल आणायचं, पुजारी गहिनीबाबांसमोर चूक बोलायची आणि तेल कढईत ओतायचं. याला चुकल्याचं तेल म्हणतात. चाळीस वर्षांत गोजरबाई त्या बाजूला फिरकली नव्हती. चुकलेल्यांच्या रांगेत तिचं काय काम?

यंदा ती पळी घेऊन गेली आणि बघते तर काय, निम्मं गाव रांगेत! भाऊसाहेब, एके काळचे सरपंच, पुतणीच्या साखरपुड्याला दाढी करून बसले होते. शेजारची सीमा पापड तळताना नवऱ्यालाच सापडली होती. गोजरबाईला बघून मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बया! ह्यांच्या घरी पन?" एरवी तिनं त्याची सालटी काढली असती. पण तिचं लक्ष सगळ्यांच्या हातापायांकडं होतं. सगळे धडधाकट. मग माझ्याच घरावर का?

तिची पाळी आली. गहिनीबाबा धुरानं डोळे चोळत म्हणाले, "बोल."

"मागल्या साली भजी तळली. सुनंला."

"किती खाल्ली तिनं?"

"अकरा."

"पचली?"

"पचली."

"मग वत तेल. चला, पुढचा."

गोजरबाई हलली नाही. "एवढंच? बाबा, नाथानं माझ्या नातवाचे पाय वाकडे केले, आन तुमी म्हनता वत तेल? काय शिक्षा आसंल ती सांगा. अनवानी डोंगर चढते, मीठ सोडते. पन ते पाय सोड म्हनावं त्याला!"

बाबा काही बोलणार, तोच मागून आवाज आला, "बाबा, चूक आत्याबाईंची न्हाई."

पूजा. कडेवर अमृत, हातात तेलाची पळी. निम्मं तेल बांगड्यांवर ओघळलेलं. "भजी मी मागितली. त्यांनी चाळीस वर्सांचा नेम माझ्यापायी मोडला. म्हनून तर मी पाच महिने गप बसले. माझ्या जिभंपायी लेकराचं असं झालं, मी कोनत्या तोंडानं दवाखान्यात चला म्हनू?"

गोजरबाई भडकलीच. "गप बस, येडे! तुझी कसली आलीय चूक? पोटुशी पोर, आठ दिस पोटात अन्न न्हाई. तिनं दोन भजी मागितली म्हनून कुनी तिच्या लेकराचे पाय मोडतं व्हय? असा कोन राक्षस..."

आणि शब्द तोंडातच राहिला.

गहिनीबाबा सावकाश म्हणाले, "थांबलीस का? बोल की. कोन राक्षस?"

गोजरबाईनं तोंडावर हात ठेवला.

"पाच महिने तू माझ्या नाथाला घरात बसून हेच म्हनतीयास, बाई. सुनंला तू एका दमात माफ केलंस, तिनं तेल वतायच्या आधी. आन त्यो काय तुझ्यापेक्षा कोत्या मनाचा हाय?"

"मग पाय वाकडे का झाले?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मला काय ठावं? मी पुजारी, डॉक्टर न्हाई." बाबांनी शेजारच्या परातीवरचं फडकं उचललं. आत गूळ घालून भिजवलेलं गव्हाचं पीठ. "ह्या तेलात काय तळत्यात, कधी बघितलंस का? गुलगुले. गावच्या पोरांसाठी. समद्या गावाच्या चुका आमचा देव अशा तळतो आन लेकरांच्या हातावर ठेवतो. आता सांग, त्यो लेकरांचे पाय मोडंल?"

गोजरबाईनं तेल ओतलं आणि तिथंच मातीत बसून ती हमसून हमसून रडली. पूजा शेजारी बसली. दोघींनी एकमेकींचे डोळे एकाच पदरानं पुसले. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी, तसं गोजरबाईला हलकं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला सपाटून भूक लागली, आणि तिनं लहान पोरांच्या आधी हात पुढं करून दोन गुलगुले खाल्ले.

मग ती तरातरा घरी गेली, आणखी पळीभर तेल घेऊन आली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"आता काय राहिलं तुझं?" बाबा वैतागले.

"हे मोठं हाय, बाबा. मी इतकी वर्सं देवाला माझ्या सासूसारखा समजत हुते."

रांग खो खो हसली. बाबांच्या हातातला झारा हलायला लागला. पूजा तर तोंड फिरवून हसली, आणि सून हसताना किती छान दिसते हे गोजरबाईला जवळजवळ विसरायला झालं होतं.

"ह्याला मातर शिक्षा हाय," बाबा म्हणाले. "दवाखान्याचा एक बी सोमवार चुकवायचा न्हाई."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन दाबून बघितले आणि भुवया चढवल्या. "इतके महिने होतात कुठं?"

"गाडीची सोय न्हवती, मॅडम," पूजा घाईघाईनं म्हणाली.

"खोटं सांगती ती," गोजरबाई म्हणाली. "सोय हुती. मीच आडवी आले." बोलताना तिला कसलीच भीती वाटली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पुन्हा एकदा वळवून बघितला. "उशीर झालाय. पण हाताबाहेर गेलेलं नाही. दोन प्लॅस्टर जास्त लागतील. आजी, तुम्ही याचा गुडघा घट्ट धरा."

पाय सरळ करताच अमृतनं असा टाहो फोडला की बाहेरची माणसं दारातून डोकावली. पूजानं डोळे मिटून घेतले. गोजरबाईच्याही डोळ्यांना धार लागली, पण तिनं गुडघा सोडला नाही.

"रड, माझ्या राजा," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मनासारखं रड. पन ही शिक्षा न्हाई बरं का. हा विलाज हाय."